देवाच्या आवारात काय लावावे

(मंदिर जीर्णोद्धार समितीने बोलावलेल्या ग्रामस्थ व देणगीदारांच्या सभेत केलेले भाषण)



मी तालुक्याच्या कचेरीतला एक कारकून. माझे शिक्षण एस. एस. सी.पर्यंत. या मंडपात कीर्तनकार बुवांच्या वाणीची सवय झालेल्या कानांना माझे बोलणे रुक्ष वाटेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. परंतु गायरान, टंचाई आणि अतिक्रमण या विषयांची कागदपत्रे गेली पंधरा-सोळा वर्षे माझ्या टेबलावरून जातात. मोजणी व पंचनाम्याच्या निमित्ताने तलाठी-मंडल अधिकारी यांच्याबरोबर तालुक्यातली बहुतेक गायराने पायी हिंडलो आहे. म्हणून अध्यक्षांनी मला बागेच्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. ती मला शिरसावंद्य आहे.

नाथकृपेने गाभाऱ्याचे काम पुरे झाले, सभामंडप झाला, शिखरावर कलश चढला. मधल्या काळात कोणी लावलेले सिमेंट आणि ऑइलपेंट खरवडून मूळचा काळा दगड उघडा केला, हे तर फारच उत्तम झाले. आणखी एक गोष्ट या ठिकाणी सांगितली पाहिजे. मंडपाच्या तुळयांसाठी मागच्या राईतली दोन झाडे घ्यावीत असा विचार निघाला होता. परंतु नाथाच्या राईत कुऱ्हाड चालवावयाची नाही ही वाडवडिलांची रीत मोडू नये, असे समितीने ठरविले आणि जास्त पैसे मोजून लाकूड बाहेरून आणले. गावाने हे लक्षात ठेवावे.

आता राहिले आवार. आपल्या एका मुंबईकर बंधूंनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ बागेसाठी मोठी देणगी दिली आहे. ते आज समोरच बसले आहेत. देवाच्या दारी बारा महिने हिरवळ असावी, फुले असावीत, आई ज्या पायरीवर बसत असे तेथे सावली असावी, अशी त्यांची इच्छा. ती पुरी झालीच पाहिजे. माझे म्हणणे फक्त यादीपुरते आहे.

कंत्राटदाराने दिलेले दरपत्रक मी वाचले. तळ्याच्या बाजूच्या उतारावर वेडेलिया, ज्याला सिंगापूर डेझी म्हणतात, त्याची एक हजार रोपे. पायवाटेच्या दोन्ही अंगांना रंगीत लँटाना, तीनशे रोपे. मोकळ्या जागेत कॉसमॉसचे बी. कुंपणालगत कोनोकार्पस. सावलीसाठी सुबाभूळ, कारण ती लवकर वाढते. याशिवाय दगडी कुंडात जांभळ्या फुलांची जलपर्णी सोडावी, अशी सूचना आपल्या एका तरुण मित्राने केली आहे. सगळी मिळून सहा नावे.

यांतले दुसरे नाव आधी घेतो. लँटाना म्हणजे काय? मंडळी, लँटाना म्हणजे आपली घाणेरी. कोणी टणटणी म्हणतात. जिच्या पानाला हात लागला तर हाताचा वास जात नाही, जी गायरानाच्या अर्ध्या भागात माजली आहे, जिच्यातून गुरे आत शिरू शकत नाहीत आणि जी तोडून तोडून गुराख्यांचे कोयते बोथट झाले, तीच ही घाणेरी. नर्सरीत ती बुटकी करून, काळ्या पिशवीत घालून, इंग्रजी नावाने विकावयास ठेवली आहे. जी फुकट दिली तरी आपण घेणार नाही, तिची तीनशे रोपे देवाच्या पैशाने विकत आणावयाची, असा हा प्रकार आहे.

नर्सरीवाले सांगतात, ही जात वेगळी, हिला बी धरत नाही. काही जातींना बी कमी धरते हे खरे. परंतु त्यांचा पराग फुलपाखरे रानातल्या घाणेरीवर नेतात, आणि बी कमी म्हणजे बी मुळीच नाही असे नव्हे. पुढच्या कामाला बुलबुल आहेत. काळी पिकलेली फळे त्यांनी खाल्ली की ज्या फांदीवर बसतील त्या झाडाखाली नवी घाणेरी उगवते. आपल्या आवारापासून राई साठ पावलांवर आहे.

ही झाडे आपल्या देशात आली कशी, ते समजून घेतले तर सगळा उलगडा होतो. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली, तीही शोभेसाठी. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी असाच बाग सजविण्याचा विचार केला होता. पुढे ती बागेतून कुंपणावर, कुंपणावरून पडीक रानात आणि तेथून जंगलात गेली. भारतात वाघ राहतात त्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी पसरली आहे, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत येत नाही. गवत नाही तर हरिण नाही. पुढचे मी सांगावयास नको.

आपल्या गावात वाघ नाही, पण गुरे आहेत. भरल्या पोटी जनावर घाणेरीला तोंड लावत नाही. मात्र टंचाईच्या वर्षी, चारा संपला की वासरे ती खातात. मग काविळीसारखे दुखणे होते, जनावर उन्हात उभे राहू शकत नाही, नाकाडावरची कातडी तडकते, पाठीवरच्या पांढऱ्या भागाची साल निघते, आणि पुष्कळदा ते दगावते. टंचाईच्या कामात मी अशी वासरे पाहिली आहेत. मालकाला वाटते उन्हाने भाजले. खरे कारण त्याच्या बांधावर फुललेले असते.

दुसरे उदाहरण गाजर गवताचे, कारण ते सर्वांच्या घरापर्यंत पोहोचले आहे. अमेरिकेतून धान्य येत असे त्या काळात ते गव्हाबरोबर आले असे मानतात. आपल्या पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची पहिली ठळक नोंद झाली. एका झाडाला दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बी धरते. आज देशात असा जिल्हा शोधून सापडावयाचा नाही जेथे ते नाही. ते कोणी शोभेसाठी लावले नव्हते, न कळत आले. माझ्या आईला त्याच्या परागाने अंगावर चट्टे उठत. दर भाद्रपदात तिचे हात आणि मान काळी पडे, खाजवून खाजवून रात्रभर झोप नसे. शेवटी तिने शेतात जाणे सोडले. शेतकऱ्याच्या बाईला शेतात न जाणे म्हणजे काय शिक्षा असते, हे येथे बसलेल्या मायभगिनींना ठाऊक आहे. १९८४ पासून सरकारने मेक्सिकोतला एक भुंगा आणून त्यावर सोडला. तो पावसाळ्यात पाने खातोही. पण गवत संपले नाही.

आमच्या कचेरीत अतिक्रमणाचे काम असते. माणसाने गायरानात झोपडी घातली तर नोटीस काढता येते, सुनावणी होते, तारखा पडतात, कधी ना कधी निकाल लागतो. घाणेरीला नोटीस लागू होत नाही.

आता यादीतल्या बाकीच्यांकडे येतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या जातींची एक यादी केली आहे. तिच्यात प्राणी, किडे, मासे, झाडे सगळेच आहे. त्या शंभरांत घाणेरी आहे, सिंगापूर डेझी आहे, सुबाभूळ आहे आणि जलपर्णीही आहे. आपल्या सहा नावांपैकी चार नावे जगाच्या काळ्या यादीत निघाली! कंत्राटदाराला मी दोष देत नाही. नर्सरीत जे स्वस्त आणि पटकन वाढणारे मिळते ते तो लिहितो. पाणी कमी लागते, जनावर खात नाही, छाटले तरी फुटते, हे गुण तो कौतुकाने सांगतो, आणि बागेपुरते ते गुणच आहेत. बागेबाहेर त्याच गुणांचे काय होते, ते त्याच्या दरपत्रकात येत नाही.

सिंगापूर डेझीचे नाव सिंगापूरचे, पण मूळ गाव अमेरिकेकडचे. तिला बी फारसे लागतच नाही. जमिनीवर पसरणाऱ्या दांड्याच्या प्रत्येक पेराला मुळ्या फुटतात. छाटणीचा कचरा ओढ्यात टाकला की वाहत जाईल तेथे ती रुजते. आपला उतार सरळ तळ्यात आणि तळ्याचा सांडवा ओढ्यात. ओढ्याकाठी ब्राह्मी आहे, लव्हाळा आहे, पोळ्याला बैल धुण्याची जागा आहे. तेथे दोन-चार वर्षांत पिवळ्या फुलांची एकच सतरंजी दिसेल, आणि शहरातून आलेला पाहुणा वाहवा म्हणून फोटो काढील.

जलपर्णीबद्दल अधिक काय सांगावे? कोल्हापूरचा रंकाळा पाहा, पुण्याची मुळा-मुठा पाहा. अनुकूल पाण्यात तिचा पसारा पंधरवड्यात दुप्पट होतो. तीही फुलांसाठीच आपल्याकडे आणली गेली. बंगालमध्ये तर नद्या-खाड्या तुंबून होड्या चालेनात, भात बुडू लागला, तेव्हा १९३६ साली जलपर्णी काढण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. कुंडात सोडलेली जलपर्णी कुंडातच राहील, असे वाटते खरे. यात्रेच्या गर्दीत एखादे पोर फूल म्हणून उचलील आणि तळ्यात टाकील, बस्स.

सुबाभळीवर वडीलधाऱ्यांचा लोभ आहे, तो मी जाणतो. १९८० च्या दशकात ती चमत्कारी झाड म्हणून गावोगाव वाटली गेली. चारा झाला, सरपण झाले. शेताच्या बांधावर शेंगा धरण्याआधी छाटत राहिले तर ती उपयोगी आहे. पण देवळामागे मोकळी वाढू दिली तर शेंगांचे घोस वाळून दर वर्षी हजारो बिया राईत पडतील. कोनोकार्पसची मुळे पाइपात आणि गटारात शिरतात. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्या नळयोजनेची पाइपलाइन कुंपणाच्या कडेनेच गेली आहे, एवढे सांगितले तरी पुरे. कॉसमॉस मेक्सिकोचा. पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पावसाळा सरताना जो नारिंगी-पिवळा पसारा दिसतो तो त्याचाच. लोक त्याला सोनकी समजतात. सोनकी आपल्या सह्याद्रीची, गवताबरोबर राहणारी. कॉसमॉस गवताच्या डोक्यावर उभा राहतो.

येथे कोणी म्हणेल, कारकूनसाहेब, परक्या झाडांचा एवढा राग कशाला? मिरची परकी, सीताफळ परके, नाथाला वाहतो तो झेंडू मेक्सिकोचा, आणि देवळाच्या दारातला पांढरा चाफासुद्धा अमेरिकेकडून आलेला. अगदी बरोबर. मी झेंडू काढा म्हणत नाही. चाफ्याची फांदी आपण लावली तर लागते, नाही तर नाही. झेंडू कधी कोणाच्या रानात घुसल्याचे ऐकिवात नाही. २०२३ साली या विषयावर जगातल्या तज्ज्ञांचा एक मोठा अहवाल निघाला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० हून अधिक जाती त्यात मोजल्या आहेत. त्यांपैकी नुकसान करणाऱ्या सुमारे ३,५०० निघाल्या. म्हणजे दहांत एक. पाहुण्यांपैकी नऊ जण जेवून आपापल्या जागी बसतात. दहावा घरच्यांना बाहेर काढतो. आपल्याला ओळखावयाचा तो दहावा, आणि त्याची खूण एकच: आपण न लावता, पाणी न घालता तो आपोआप किती लांब जातो.

याच संदर्भात शमीचे सांगतो. दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी आणि सोलापूरकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ, या एकाच कुळातल्या बहिणी. शमी आपली, वेडी बाभूळ अमेरिकेची. राजस्थानात शेतकरी शमीच्या झाडाखाली बाजरी घेतात. वेडी बाभूळ कच्छच्या बन्नी या गवताळ रानात १९६० च्या दशकात लावली. हेतू चांगला होता, खारी जमीन पुढे सरकू नये. पण तिने गवतच खाल्ले आणि तेथील मालधारी गवळ्यांवर म्हशी घेऊन चारा शोधत फिरण्याची वेळ आली. तिचे तिकडचे नावच वेडी बाभूळ अशा अर्थाचे आहे.

मला काळजी आहे ती राईची. तीन एकरांची ती राई. आज गावाच्या हद्दीत एवढी जुनी झाडे दुसरीकडे कोठेही उरलेली नाहीत. डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. इतरत्र नाहीशी झालेली झाडे-वेली देवाच्या धाकाने राईत टिकून राहिली आहेत, हे त्यांनी जगापुढे मांडले. कुऱ्हाड थांबविण्यास देवाचा धाक पुरतो. बुलबुलाच्या पोटातून येणाऱ्या बियांना तो धाक ठाऊक नाही. तुळईचे लाकूड बाहेरून आणून जी राई आपण वाचविली, तिच्या उंबऱ्यावर ही सहा झाडे आपल्याच हाताने लावावीत काय, याचा विचार सभेने करावा.

मग लावावे काय? माझी यादी समितीला लेखी दिली आहे, येथे थोडक्यात सांगतो. उतारावर हरळी आणि बांधाच्या कडेने वाळा. वाळ्याची मुळे आठ-दहा फूट खोल जातात, माती धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात देवाच्या पाण्याला वास येतो तो निराळाच. पायवाटेला कोरांटी, अबोली, तगर, मधूनमधून धायटी. मोकळ्या जागेत तेरडा. तो तर गौरीला लागतोच, दर भाद्रपदात बायकांना डोंगरावर शोधीत जावे लागते ते वाचेल. त्याच्याशेजारी झेंडू खुशाल लावा. कुंपणाला करवंद, सागरगोटा, निर्गुडी, अडुळसा. कुंडात एखादे कमळ, आणि तेही वाढले तर काढीत राहावे.

मोठ्या झाडांत बेल, शमी आणि आपटा हे तर देवाचेच. आपट्याच्या पानांसाठी दर दसऱ्याला डोंगरावरची झाडे ओरबाडली जातात. पाच झाडे आवारात असली तर ते थांबेल. बहावा लावावा, चैत्र-वैशाखात तो झुंबरासारखा फुलतो. ताम्हण लावावा, तो तर महाराष्ट्राचे राज्यपुष्प. सावलीला करंज. वड, पिंपळ, उंबर हे राईच्या बाजूला, मंडपापासून चांगले दूर. पिंपळ कितीही पवित्र असला तरी त्याचे रोप शिखराच्या सांध्यात उगवले तर दगड फोडते. दर पावसाळ्यानंतर शिखराची पाहणी करून असली रोपे कोवळी असतानाच काढण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे, ही एक जादा सूचना.

आणि आपल्या मुंबईकर बंधूंना माझी नम्र विनंती आहे. मातोश्री बसत त्या पायरीजवळ बकुळ लावावी. ती बारा महिने हिरवी असते, सावली दाट असते. वाढीला वेळ घेते, सुबाभळीसारखी दोन वर्षांत छपराला लागणार नाही, हे खरे. पण तिची फुले वाळून तपकिरी झाली तरी वास जात नाही. आपल्या गावच्या म्हाताऱ्या बायकांच्या पेटीत लुगड्याच्या घडीत अजून बकुळीचे गजरे सापडतात. खर्चाचे म्हणाल तर माझ्या यादीचा अंदाज दरपत्रकापेक्षा कमी येतो. उरलेली रक्कम तीन वर्षे पाणी घालणाऱ्या माणसाच्या पगारासाठी बाजूला ठेवावी. झाड लावण्याचा फोटो सगळे काढतात, दुसऱ्या उन्हाळ्यात घागर कोणाच्या डोक्यावर असते ते विचारावे.

बीजगोळ्यांबद्दल एक शब्द. आपली शाळेची मुले उत्साहाने मातीचे गोळे करून डोंगरावर टाकतात. ते चांगलेच. फक्त आत सुबाभूळ, गिरिपुष्प, कॉसमॉसचे बी भरू नये. गुरुजींनी बी कोणते ते पाहून द्यावे.

शेवटी, राईच्या कडेने जी घाणेरी आजच उभी आहे तिचे काय करावयाचे ते सांगतो. वरून छाटून उपयोग नाही, ती दुप्पट फुटते. जाळूनही ती जात नाही. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी एक सोपी रीत दाखविली आहे. जमिनीखाली तीन-चार बोटे कुदळ घालून खोड व मूळ यांचा सांधा तोडावयाचा आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवावयाचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पुढची दोन-तीन वर्षे पक्षी बसतात त्या झाडांखाली उगवलेली लहान रोपे उपटीत राहावयाची आणि मोकळ्या झालेल्या जागेत गवताचे बी टाकावयाचे. गाजर गवत मात्र फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातात मोजे घालून मुळासकट उपटावे आणि त्या जागी टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट येतो, त्याला वर येऊ देत नाही, आणि पावसाळ्यात भाजीही होते. ज्यांच्या अंगावर चट्टे उठतात त्यांनी आणि लहान मुलांनी या कामाला येऊ नये.

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की येणाऱ्या रविवारी सकाळी सात वाजता प्रत्येक वाडीतून दहा माणसे कुदळ-कोयता घेऊन राईच्या वरच्या कडेला जमावीत. तालुक्याहून मी पहिल्या एस.टी.ने येतो. आपटा, शमी किंवा बकुळीचे रोप ज्यांच्या परसात असेल त्यांनी आपले नाव पुजाऱ्यांकडच्या वहीत लिहून ठेवावे, म्हणजे तेवढी विकत घ्यावी लागणार नाहीत. खड्डे त्याआधी, वैशाखातच घेऊन ठेवू.



नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!